दर तासाला, नवीन काही नसलं तरी

११ मार्च २०१६, शुक्रवार. सकाळी नऊच्या सुमारास गुजरातेतल्या काकरापार अणुवीज केंद्राची पहिली अणुभट्टी आपोआप बंद झाली. भट्टीतली उष्णता वाहून नेणारं जड पाणी एका वाहिनीतून गळायला लागलं होतं. संयंत्रात इमर्जन्सी जाहीर झाली. आमच्यापर्यंत हे सगळं आलं ते दुपारी, एका श्रोत्याच्या फोनवरून. नवापूरचा माणूस होता. "ताई, तिकडे उकाईजवळ अणूचं काहीतरी फुटलं म्हणतात. खरं का? पोरांना शाळेतून आणू का?"

आमचं रेडिओ केंद्र छोटं. दोन स्टुडिओ, एक ड्युटी रूम, मोजकी माणसं. सकाळी भक्तिगीतं, दुपारी महिलांचा कार्यक्रम, संध्याकाळी शेतकऱ्यांचा, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी अहिराणी आणि आदिवासी बोलींमधले कार्यक्रम. त्या दिवशी कार्यक्रमांची जबाबदारी माझ्याकडे होती. पूर, उष्णतेची लाट, गारपीट यांची निवेदनं आम्हाला सवयीची. किरणोत्साराबद्दल माईकवर बोलायची वेळ कधी आली नव्हती, आणि तशी वेळ आली तर काय करायचं याचं एक पानही आमच्या कपाटात नव्हतं.

नवापूरपासून काकरापार सरळ रेषेत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. अणुकेंद्राभोवती १६ किलोमीटरचा पट्टा आपत्कालीन नियोजनात धरतात, तेव्हा कागदावर आमचा जिल्हा त्याच्या बराच बाहेर. पण माणसं कागदावरच्या वर्तुळात राहत नाहीत. नंदुरबार-नवापूरकडची हजारो कुटुंबं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. मार्च महिन्यात ती बारडोली, व्यारा, मांडवीच्या पडावांवरच असतात. मांडवी तर काकरापारला अगदी लागून. अर्ध्या खानदेशाचे भाऊबंद सुरतेत, उधना-लिंबायतला. भुसावळ-सुरत लाइनवरचं कुठलंही गाव घ्या, निम्म्या घरांतून कोणीतरी तिकडे आहेच.

शिवाय इथल्या लोकांना न दिसणाऱ्या संकटाची आठवण आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीनं लाखो लोकांनी सुरत सोडलं, त्या वेळी भरून आलेल्या गाड्या आमच्या स्टेशनांवर उतरल्या होत्या. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरातच सापडला. पांढरे झगे घातलेली माणसं कोंबड्यांच्या शेडांत शिरताना लोकांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यामुळे पहिल्या तासाभरातच एका बाईंनी मला विचारलं, "ते पांढऱ्या कपड्यांतले लोक परत येणार का?" आणि योग असा, की त्याच दिवशी फुकुशिमाला बरोबर पाच वर्षं पूर्ण होत होती. टीव्हीवर त्सुनामीची जुनी दृश्यं आणि खाली पट्टीत काकरापार. बघणाऱ्यानं काय समजायचं?

पहिलं काम होतं खात्रीचं. ज्या कार्यालयाकडून आम्हाला माहिती मिळायला हवी होती तिथला फोन वाजत राहायचा, नाहीतर "साहेब मीटिंगमध्ये आहेत" असं उत्तर यायचं. शेवटी भारतीय अणुऊर्जा महामंडळाचं निवेदन हाती आलं: पहिलं युनिट बंद झालंय, सुरक्षा यंत्रणांनी अपेक्षेप्रमाणे काम केलं, आवारातला आणि बाहेरचा किरणोत्सार नेहमीइतकाच आहे. एवढंच. किती गळतंय, कुठून गळतंय, कधी थांबेल, काही नाही.

ड्युटी रूममध्ये आम्ही तिघं बसलो. मी, आमचे इंजिनिअर नाना, आणि मावची बोलणारा आमचा नैमित्तिक निवेदक. नानांचा पहिला प्रश्न होता, "एवढ्याशा माहितीवर बोलायचं काय? आणि बोललो नाही तर लोक कुणाचं ऐकतील?" त्यावर तिथल्या तिथे एक गोष्ट ठरली, आणि पुढचे सगळे दिवस ती मोडली नाही. दर तासाच्या ठोक्याला आपण बोलायचं. नवीन काही कळलं तर ते सांगायचं. काही कळलं नसेल तर "गेल्या तासात नवीन माहिती आलेली नाही, पुढचं निवेदन अमुक वाजता" एवढं सांगायचं. आणि प्रत्येक वाक्यासोबत ते कोण म्हणतंय हे सांगायचं. महामंडळ म्हणतंय, अणुऊर्जा नियामक मंडळ म्हणतंय, जिल्हाधिकारी म्हणतायत. आपल्या मनाचं एक अक्षर नाही.

पहिलं निवेदन मी तीनदा खोडून लिहिलं. "घाबरण्याचं कारण नाही" हे वाक्य आधी आलं होतं, ते काढून टाकलं. रेडिओवर कोणी घाबरू नका म्हटलं की माणूस पहिल्यांदा घाबरतो. गारपिटीच्या वेळेपासूनचा हा अनुभव. त्याऐवजी करण्यासारख्या गोष्टी घातल्या: शाळा नेहमीप्रमाणे सुरू आहेत, दहावीचे पेपर वेळापत्रकाप्रमाणे होतील, घरात कोंडून घेण्याची सूचना कोणीही दिलेली नाही, काही बदललं तर याच केंद्रावरून लगेच सांगू. दुपारी तीनला ते गेलं. चारला दुसरं. पाचच्या निवेदनात नवीन काहीच नव्हतं, आणि ते नीट, न गडबडता वाचायचं सगळ्यात अवघड गेलं. पण पाचनंतर फोनांचा सूर बदलला. "खरं का?" असं विचारणारे आता "सहाला सांगणार ना ताई?" असं विचारू लागले.

नाना तोवर डिझेलच्या मागे होते. जनरेटरची टाकी, बॅटऱ्यांचं पाणी, ट्रान्समीटरची लिंक. रात्री प्रक्षेपण बंद होतं ते त्या रात्री चालू ठेवायचं, अशी परवानगी वरून मिळाली. रात्रभर गाणी आणि तासाला निवेदन. याच्यावर लिहिण्यासारखं फार काही नाही. पण लाइट गेल्यावर आमचा आवाज गेला असता, तर दिवसभरात जमवलेला विश्वास पाच मिनिटांत संपला असता. हे नानांना आमच्याआधी कळलं होतं.

आता प्रश्नांविषयी. फोनवरचा प्रत्येक प्रश्न आम्ही वहीत लिहून घेत होतो, कारण पुढचं निवेदन त्यातूनच तयार व्हायचं. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न तापीचा. "तापीनं पानी पेवानं का नही?" शहाद्याकडून, शिरपूरकडून, प्रकाशाहून. ते दुष्काळाचं वर्ष, विहिरी आटलेल्या, त्यात नदीच्या पाण्यावरही संशय आला तर माणसानं जायचं कुठे? याचं उत्तर मात्र कुठल्या कार्यालयाला विचारायची गरज नव्हती. तापी मुलताईहून निघते, भुसावळ, सारंगखेडा, प्रकाशा करत खाली गुजरातेत उतरते, आधी उकाई, मग काकरापार, मग सुरत. पाणी आपल्याकडून त्यांच्याकडे जातं. आमच्या अहिराणी निवेदकानं हे एका दमात सांगितलं: "आठेनं पानी तठे जास. तठेनं पानी आठे येत नही." ते वाक्य आम्ही प्रत्येक निवेदनात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाण्याचे फोन जवळपास थांबले. दिवसभर मराठीत भूगोल सांगून जे झालं नव्हतं ते या दोन ओळींनी केलं.

मिरचीचा प्रश्न मला अजून आठवतो. नंदुरबारच्या पथारीवाल्या एका व्यापाऱ्याचा फोन. पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानावर, लाल मिरची वाळत पडलेली, उघड्या आभाळाखाली. "ताई, वाऱ्यानं काही येणार असेल तर रात्रीतून ताडपत्री टाकतो. पण झाकली तर मिरची दमट होईल, भाव जाईल. मजूरही लावावे लागतील. नक्की सांगा." नक्की सांगा, हा शब्द त्या दिवसांत किती वेळा ऐकला. मी त्यांना सांगितलं की आवाराबाहेर किरणोत्सार वाढल्याचं कोणत्याही यंत्रणेनं म्हटलेलं नाही, झाकायची सूचना कोणीही दिलेली नाही, आणि तशी सूचना आली तर तासाची वाट न बघता कार्यक्रम थांबवून सांगू. त्यांनी विचारलं, "थांबवून सांगाल?" म्हटलं, हो. त्यांनी पथारीवर रेडिओ लावून ठेवला. सातपुड्यातून मोहाच्या फुलांबद्दल हाच प्रश्न आला. फुलं गळायला लागायचे दिवस जवळ आलेले, अंगणभर वाळत घालायची असतात, त्यावर घराचं वर्षाचं मीठमिरची चालतं. ज्यांच्या हातात वस्तू उघड्यावर पडलेली असते, त्यांना "परिस्थिती नियंत्रणात आहे" हे वाक्य काही कामाचं नसतं.

संध्याकाळी एका आजींचा फोन आला. नवापूर तालुक्यातल्या पाड्यावरच्या, पण बोलत होत्या अहिराणीत. "मन्हा पोऱ्या तठे ऊस तोडाले जायेल शे." मांडवी तालुक्यातल्या पडावावर मुलगा, सून, दोन नातवंडं. मुलाचा फोन लागत नव्हता. गुजरातमधल्या माणसांना काय करा हे सांगायचा अधिकार आमच्या केंद्राला नाही. ते तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांचं काम, आणि आपत्तीच्या वेळी दोन ठिकाणांहून दोन सूचना जाणं फार वाईट. पण मुकादमाला फोन करायला कोणाची बंदी नव्हती. नवापूरच्या एका शिक्षकांकडून मुकादमाचा नंबर मिळाला. फोन लागला. मागे ट्रॅक्टरचा आवाज, कोणीतरी बैलाला हाकारतंय. मुकादमानं मुलाला बोलावलं. मी फोनचा स्पीकर चालू करून तो माईकसमोर धरला. मुलगा म्हणाला, काम चालू आहे, सगळे बरे आहेत, इथे पोलिसांची गाडी येऊन गेली, कोणी हलायला सांगितलेलं नाही, आईला सांगा मोबाइलची बॅटरी उतरली होती. सातच्या निवेदनानंतर ते जसंच्या तसं वाजवलं.

त्यानंतर आमचं अर्धं काम तेच झालं. मुकादमांचे नंबर गावागावांतून येऊ लागले. आमचा मावची बोलणारा निवेदक पडावांवर फोन करायचा, दोन-तीन वाक्यं रेकॉर्ड करायचा, गावाचं नाव सांगून वाजवायचा. कोणतीही सरकारी माहिती लोकांनी इतक्या कान देऊन ऐकली नसेल. काका, मामा, जावई यांचा आवाज आणि मागे कोयत्याचा खटखटाट.

त्याच रात्री मोबाइलवर एक संदेश फिरायला लागला. जखमेला लावायचं आयोडीनचं लाल औषध गळ्याला चोळा, थायरॉईडचं रक्षण होईल. पावसात भिजू नका, असंही त्यात होतं, मार्चमध्ये, खानदेशात. फुकुशिमाच्या वेळी २०११ मध्ये आशियाभर असाच संदेश फिरला होता. कोणीतरी तोच झाडून पुसून काढला असावा. काही गावांत तर ते औषध पाण्यात टाकून पोरांना पाजायची भाषा सुरू झाली, असं एका आशाताईंनी कळवलं. हे ऐकल्यावर आम्ही आठवडी कार्यक्रम बाजूला ठेवून एका डॉक्टरांना स्टुडिओत आणलं.

डॉक्टरांनी छान समजावून सांगितलं. अणुभट्टीतून किरणोत्सारी आयोडीन बाहेर पडलं तर ते थायरॉईड ग्रंथीत जाऊन बसतं. ते बसू नये म्हणून पोटॅशियम आयोडाइडची गोळी देतात. ग्रंथी आधीच साध्या आयोडीननं भरून जाते. मोठ्यांसाठी १३० मिलिग्रॅम, मुलांना वयाप्रमाणे कमी. ती यंत्रणेनं सांगितल्यावरच घ्यायची, फार आधी घेतली तर उपयोग नाही, आणि इतर कुठल्याही किरणोत्सारापासून ती वाचवत नाही. जखमेचं औषध गळ्याला चोळून हे होत नाही, आणि ते पिणं सरळ विषारी. मग त्यांनी चेर्नोबिलची गोष्ट सांगितली. तिथे १९८६ मध्ये गवतावर आयोडीन पडलं, गाईंनी ते खाल्लं, दूध वेळेवर थांबवलं गेलं नाही, आणि पुढे ते पिणाऱ्या मुलांना थायरॉईडचा कर्करोग झाला. लगेच डेअरीवाल्यांचे फोन: "ताई, दूध डेअरीमा घालू का नही?" मी मनात म्हटलं, झालं. पण डॉक्टरांनी तेही सांभाळलं. दूध थांबवायची वेळ कधी येते, ते कोण ठरवतं, आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं म्हणून थांबवलेलं दूधही कायमचं बंद होत नसतं, हे सगळं सांगून शेवटी म्हणाले, "इथे बाहेर आयोडीन पडल्याची कोणतीही नोंद नाही. दूध घाला." पूर्ण माहिती दिली तर लोक भडकतील ही भीती मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय. अर्धी माहिती दिली असती तर त्या रात्री भडकले असते. पूर्ण दिली, आणि सकाळी डेअरीवर दूध नेहमीसारखं आलं.

एक प्रश्न मात्र आम्हालाही छळत होता. भट्टी बंद झाली, मग धोका संपला का? एका निवृत्त विज्ञान शिक्षकांनी त्याचं उत्तर माईकवर दिलं. चुलीतली लाकडं ओढून घेतली तरी निखारे बराच वेळ तापत राहतात, तसं. भट्टी बंद झाल्याक्षणी तिच्या ताकदीच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते, नंतर ती हळूहळू उतरते, आणि तोवर इंधन थंड ठेवावं लागतं. फुकुशिमात भट्ट्या भूकंपानंतर बंदच झाल्या होत्या. त्सुनामीनं वीज गेली, थंड करणं थांबलं, म्हणून पुढचं घडलं. काकरापारला गळती चालू असली तरी थंड करणं चालू होतं. तेवढ्या भागाची रेकॉर्डिंग लोकांनी फोन करून परत मागितली.

नसलेल्या गोष्टीबद्दल बोलते. आमच्याकडे आकडे नव्हते. फुकुशिमानंतर मिनामिसोमासारख्या गावांत आपत्तीपुरती छोटी एफएम केंद्रं सुरू झाली आणि तिथे किरणोत्साराचे आकडे वाचून दाखवत. आम्हाला नवापूरचा, उच्छलचा, व्याऱ्याचा त्या-त्या दिवसाचा आकडा मिळाला असता आणि शेजारी नेहमीचा आकडा ठेवता आला असता, तर "नेहमीइतकाच आहे" हे वाक्य लोकांनी आमच्या शब्दावर मानायची गरजच नव्हती. मी मागत राहिले. शेवटपर्यंत मिळाले नाहीत. याचा राग मला आजही आहे, कारण मोजणारी यंत्रं देशात आहेत. मोजलेलं सांगायची वाट कोणी बांधलेली नाही.

दिवस पुढे सरकले. गळती चालूच होती, पण नियंत्रणात, आणि बाहेर काही गेल्याची नोंद नाही, अशी माहिती येत राहिली. नियामक मंडळानं घटनेला आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर प्राथमिक वर्गवारीत पातळी १ दिली. ही मोजपट्टी ७ पर्यंत जाते आणि चेर्नोबिल, फुकुशिमा दोन्ही ७ वर आहेत. हा एक आकडा तरी आम्हाला मिळाला, आणि तो आम्ही भरपूर वापरला. संयंत्रापुरती इमर्जन्सी, पूर्ण आवारापुरती, आणि आवाराबाहेरची, या तीन पायऱ्यांपैकी आपण पहिलीवरच आहोत, हेही रोज सांगितलं. आवाराबाहेरची जाहीर झाली तर सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, आणि तेव्हाच घरात थांबा, गोळी घ्या, गाव सोडा असल्या सूचना येतात. हे एकदा कळल्यावर लोक पायरी विचारू लागले. "अजून पहिलीच ना?" एवढाच फोन, आणि ठेवून द्यायचे.

तासाची निवेदनं आम्ही पुढे दिवसातून चारवर आणली, पण वेळा आधी जाहीर करून. गळणारी वाहिनी सापडली, वेगळी काढली गेली आणि २१ मार्चला इमर्जन्सी उठली. होळी दोन दिवसांवर होती. पडावांवरून बरेच जण होळीला गावाकडे निघाले होते, आणि ते पळून आलेले नाहीत, दरवर्षीसारखे सणाला आलेत, हेसुद्धा आम्हाला एकदा सांगावं लागलं.

नंतर मी याबद्दल वाचत गेले. अमेरिकेत १९७९ मध्ये थ्री माइल आयलंडला अपघात झाला तेव्हा बातमी पहिल्यांदा दिली ती हॅरिसबर्गच्या एका स्थानिक रेडिओ केंद्रानं. पुढे तिथल्या राज्यपालांनी पाच मैलांच्या आतल्या गरोदर बाया आणि लहान मुलांनी बाहेर पडावं असं सांगितलं. प्रत्यक्षात सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं घर सोडून गेली. सूचना उलटसुलट येत होत्या, लोकांना काय धरायचं कळेना. ते वाचताना मला आमची प्रश्नांची वही आठवली.

ती वही आता आमच्याकडे कायमची झाली आहे. प्रत्येक प्रश्नासमोर तयार मसुदा आहे: मराठीत, अहिराणीत, मावचीत, पावरीत, गुजरातीत. तापीचा, दुधाचा, मिरचीचा, मोहाचा, गोळीचा. कुठे रिकाम्या जागा सोडल्यात, त्या कोणी भरायच्या आणि कोणाच्या सहीनं, ते लिहिलंय. मुकादमांचे नंबर दर हंगामाच्या सुरुवातीला, दसरा-दिवाळीच्या मधे, नव्यानं घेतो, कारण टोळ्या बदलतात. काकरापारची पहिली भट्टी सगळ्या ३०६ वाहिन्या बदलून २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली. शेजारी ७०० मेगावॅटच्या दोन नव्या भट्ट्या उभ्या राहिल्या आहेत, तिसरी आणि चौथी. त्यामुळे मी अणुकेंद्राच्या आपत्कालीन सरावाच्या वेळी आमच्या केंद्रालाही बोलवा म्हणून लेखी मागणी केली आहे, आणि नवापूरला आकडा दाखवणारं एक यंत्र बसवून त्याचं वाचन आम्हाला रोज मिळावं, ही दुसरी. दोन्ही अर्जांची पोच माझ्याकडे आहे, आणि दर महिन्याला मी स्मरणपत्र धाडते.